खोटा भोंगा

दोंगगांगमध्ये डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच
हरितगृहं झोपायला लागतात.
दोर सोडला की जाडजूड रजई
छपरावरून घरंगळत खाली येते,
आतल्या स्ट्रॉबेरीला वाटतं, झाली रात्र.
ग्वान देशान मला नेमका तेव्हा गाठतो.
"तोंगबाई, सात नंबरचं काय निघालं?"

सात नंबरात राखाडी बुरशी आहे.
देठापाशी बसते, उंदराच्या पाठीसारखी मऊ,
हात लागला की नुसता धूर.
पाच फवारण्या झाल्या.
पंपाच्या पट्ट्यानं देशानच्या खांद्याला घट्टा पडला.
शेवटच्या खेपेला मधमाश्यांची पेटी
दोन दिवस बाहेर ठेवावी लागली,
श्यूछिननं तिच्यावर स्वतःचा कोट टाकला
आणि दोन दिवस कुडकुडत फिरली.
बुरशी जागची हलली नाही.

शेनयांगला मी बशा मांडल्या.
औषध कालवलेल्या बशीत बाकीच्या बुरश्या
टाचणीच्या डोक्याएवढ्या राहिल्या.
सात नंबरची काठापर्यंत पसरली,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी ऐसपैस.

देशानला सांगितलं ते असं:
हिच्या पेशीत एक पहारेकरी असतो.
बाहेर मीठ वाढलं, साखर वाढली
की तो भोंगा वाजवतो,
आत पाणी धरून ठेवायची पळापळ होते.
आपलं औषध तिला जाळत नाही, कापत नाही.
भोंगा तेवढा वाजवत ठेवतं,
रात्रंदिवस,
खोटा.
बुरशी पाणी धरते, फुगते, आणखी धरते,
आणि आपल्याच धास्तीनं फुटते.

"मग हिनं काय केलं?"
हिनं पहारेकऱ्याचाच गळा दाबला.

तो खो खो हसला.
"सप्टेंबरात शहरात भोंगे वाजवून बघतात ना,
पहिल्या वर्षी माझा बाप खाटेखाली शिरला होता.
आता आम्ही वाडग्यातून मान वर काढत नाही."

मग दुसरी बशी काढली. औषध नाही, नुसतं मीठ,
त्याच्या बांधामागच्या समुद्राहून जरासं खारट.
हिच्यात बाकीच्या कुरकुरत का होईना, वाढल्या.
सात नंबरची आकसून बसली.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
हिला मीठ आलेलंच कळत नाही.
फळाला टोचून पाहिलं, तिथंही तेच.
दुसरीनं चार दिवसांत अर्धं फळ गिळलं,
हिचा डाग हरभऱ्याएवढा.

"म्हणजे दुबळी आहे."
दुबळी आहे.
"औषध थांबवलं तर?"
तर जुन्या धडधाकट परत येतील, हिला रेटून बाहेर काढतील.
"आणि अर्धं फळ खातील."
हो.
"भुरट्या चोराला हाकलायला
दरोडेखोराला घरात घ्यायचं."
साधारण तसंच. मग दरोडेखोराला औषध लागू पडतं.
काही दिवस.

श्यूछिन मघापासून खोक्यात फळं लावत होती,
टोकं एका दिशेला, मोठी वर.
हात न थांबवता तिनं विचारलं,
"हरभऱ्याएवढा डाग पडलेलं फळ
व्यापारी घेतो का?"
नाही घेत.
"मग दुबळी कोणासाठी?"

माझ्या अहवालात या प्रश्नाला रकाना नव्हता.
तिनं एक खोकं माझ्या पिशवीत कोंबलं,
पैसे काढू दिले नाहीत.

गाडीत मी त्यातली सहा खाल्ली.
सातवं फळ उजेडाकडे धरून पाहिलं,
मग तेही खाल्लं.

आज मिठाच्या बशीचा एकोणिसावा दिवस.
फेकायला काढली होती.
सात नंबरची तशीच आकसलेली, सुरकुतलेली,
फक्त एका बाजूनं, काठाकडे निघालेला,
एक पांढरा केस.

झाकणावर तारीख घातली.
देशानचे दोन फोन येऊन गेलेत.